साहेबांच्या पुढे कोणी जायचं नाही

ये रे निखिल, बैस इथे जवळ. हे बोलणं कागदावरचं असलं तरी जवळ बसूनच वाच. जेवता जेवता एका हातात मोबाइल धरून नको. परवा फोनवर काय म्हणालास, आठवतंय? "आजी, छातीत जरा दडपल्यासारखं होतंय, पण रविवारी दौडीला जावंच लागणार. चॅरिटी रन आहे आणि बॉस स्वतः धावणार आहेत." आणि मी काही बोलायच्या आत "अॅसिडिटी असेल गं" म्हणून फोन ठेवलास. मंडीदीपच्या कंपनीत एवढा मोठा इंजिनिअर झालास, पण छातीत दुखलं की तुम्ही सगळे पुरुष स्वतःच डॉक्टर होता. तीस वर्षं हॉस्पिटलमध्ये मी हेच ऐकलं. अॅसिडिटी, गॅस, रात्रीचं खाणं, उशी बदलली. हृदयाचं नाव कुणी काढत नाही.

तर आता मी काय सांगते ते गुपचूप वाच. आणि तुझ्याबरोबर आणखी कुणी वाचत असेल तर त्यांनीही वाचावं. बॉस धावत असले की काय होतं, ते मला चांगलं माहीत आहे.

त्या दिवशी आमच्या कारखान्याचे जनरल मॅनेजर धावत होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांच्या मागे सगळा कारखाना धावत होता. आणि एकही माणूस त्यांच्या पुढे जायला तयार नव्हता.

आता आधीचं थोडं सांगते, नाहीतर तुम्हा आजकालच्या मुलांना यातलं काही कळायचं नाही.

आमची टाउनशिप म्हणजे एक वेगळंच गाव होतं. क्वार्टर कारखान्याचं, शाळा कारखान्याची, बाजार कारखान्याचा, आणि मी जिथे सिस्टर होते ते हॉस्पिटलही कारखान्याचंच. नागपूरहून तुझ्या आजोबांची बदली भोपाळच्या सरकारी ऑफिसात झाली आणि मला इथे नोकरी लागली. आजोबांचे साहेब वल्लभ भवनाच्या, म्हणजे सचिवालयाच्या बाजूचे, माझे साहेब कारखान्याचे. पण साहेब सगळीकडे सारखेच, हे आम्ही दोघं रोज रात्री जेवताना एकमेकांना सांगायचो.

टाउनशिपमध्ये कोणी शेजारी नसतो, ग्रेड असतो. ज्याचा ग्रेड वरचा, त्याचं घर मोठं आणि त्याच्या दारातली बाग हिरवी. लग्नात आहेरसुद्धा ग्रेड बघून. जनरल मॅनेजर म्हणजे जीएम, तो सगळ्यांच्या वर. त्याच्या खाली एजीएम, म्हणजे अॅडिशनल. त्याच्या खाली डीजीएम, म्हणजे डेप्युटी. आणि त्यांच्या खाली कितीतरी मॅनेजर, ज्यांना कोणी मॅनेज करू देत नसे.

दर वर्षी हिवाळ्यात आमच्याकडे दौड व्हायची. महिला मंडळ एक शाळा चालवायचं, ऐकू न येणाऱ्या मुलांची. तिच्या मदतीसाठी ही दौड. प्रत्येक विभागाने वर्गणी द्यायची, माणसं पळवायची. जवाहर चौकातून कागदी टोप्या यायच्या, पांढऱ्या, वर निळी अक्षरं. घाम आला की ती अक्षरं कपाळावर उतरायची. दुसऱ्या दिवशी कोण खरं धावलं, ते कपाळावरून कळायचं.

नाव दौड. पण ती दौड नव्हती, ती मिरवणूक होती. सगळ्यांत पुढे जीएम साहेब. त्यांच्या अर्धं पाऊल मागे एजीएम. मग डीजीएमची ओळ. मग मॅनेजर. मग सुपरवायझर. आणि सगळ्यांत शेवटी ज्यांना खरंच पळता यायचं ते, वर्कशॉपमधले फिटर, वेल्डर. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, तरी कधी मोडला नव्हता. जीएम साहेब पहिले पोचायचे, शाळेतली एक मुलगी त्यांच्या गळ्यात हार घालायची, फोटो निघायचा, आणि सगळे समोसा खाऊन घरी.

आधीचे जीएम हुशार होते. ते सावकाश चालायचे. सगळेच चालायचे. कोणाचं काही बिघडायचं नाही.

त्या वर्षी नवे जीएम आले. सक्सेना साहेब. माणूस चांगला, पण अंगाने भारी, आणि डोक्यात एक खूळ. पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले, "इस बार हम सचमुच दौड़ेंगे." झालं. टाळ्या. कोणाची टाळी थांबायला तयार नाही. मी मागे उभी होते. मनात म्हटलं, बाई, या माणसाचं ब्लडप्रेशर आपणच गेल्या आठवड्यात घेतलंय.

मी पर्सोनेल विभागात गेले. तिथे तिवारीजी होते. दौडीचा सगळा बंदोबस्त त्यांच्याकडे. मी म्हटलं, "तिवारीजी, या वेळी अॅम्ब्युलन्स पुढे ठेवा. साहेबांच्या जवळपास."

तिवारीजींनी पेन खाली ठेवलं. "सिस्टर, साहब के बगल में एम्बुलेंस? अच्छा लगेगा? फोटो में आएगी."

"फोटोत आली तर काय होईल?"

"अपशकुन दिखता है. एम्बुलेंस हमेशा पीछे चलती है. आखिरी आदमी के पीछे. ऐसा ही चलता आया है."

"आखिरी आदमी फिटर आहे, तिवारीजी. त्याला काही होत नाही. तो रोज लोखंड उचलतो."

"तो आपको आराम रहेगा," तिवारीजी म्हणाले आणि पेन परत उचललं.

डॉक्टरांचं काय? डॉक्टर मंचावर. शेवटच्या ठिकाणी, पाहुण्यांबरोबर, सुटात. कारण डॉक्टर वरच्या ग्रेडचे. आजारी माणूस कुठे आहे यावर डॉक्टर कुठे उभा राहणार हे ठरत नसे; खुर्ची कुठे आहे यावर ठरत असे. आता तूच सांग, कुणाच्या डोक्यावर हात मारायचा? माझ्याच, दुसरं काय.

तर रविवारी सकाळी मी मेटॅडोरमध्ये, सगळ्यांच्या मागे. मेटॅडोर म्हणजे आमची अॅम्ब्युलन्स. चालवायला रफीकभाई, जुन्या भोपाळचे, तोंडात पान आणि जगाबद्दल पक्की मतं.

साहेब धावायला लागले. खरंच धावायला लागले. आम्ही मागून त्यांचं काही बघू शकत नव्हतो, पण टोप्यांचा लोंढा हलताना दिसत होता.

"सिस्टर," रफीकभाई म्हणाले, "ये दौड़ है कि बारात?"

"बारात में दूल्हा घोड़े पर होता है," मी म्हटलं. "इथे दूल्हाच पळतोय."

आता रस्ता समजून घे. टाउनशिपचा मोठा रस्ता एका पार्काला वळसा घालून परत फिरायचा. म्हणजे पुढचे लोक पार्काच्या पलीकडून परत येत असताना आम्ही मागचे अजून अलीकडून जात असायचो, मध्ये फक्त झाडं आणि झोके. त्या वळणावर मला साहेब दिसले.

आणि मी बघितलं की त्यांनी छातीवर मूठ ठेवली आहे.

हे नीट वाच, निखिल. ज्याला गॅस असतो तो बोट दाखवतो. इथे दुखतंय, तिथे टोचतंय. ज्याचं हृदय तक्रार करत असतं तो बोट दाखवत नाही. तो मूठ किंवा सगळा पंजा छातीवर ठेवतो, कारण ते दुखणं एका जागी नसतं, दाबल्यासारखं असतं. कुणीतरी गव्हाचं पोतं ठेवल्यासारखं. मग साहेबांचा हात जबड्याकडे गेला. दाढ दुखल्यासारखा त्यांनी जबडा चोळला. दाढ नव्हती ती. हृदयाचं दुखणं जबड्यात जातं, डाव्या हातात जातं. हृदयाला स्वतःलाही रक्त लागतं, त्याच्या स्वतःच्या नळ्या असतात. त्यांतली एखादी तुंबली आणि वरून माणूस पळत राहिला, की ते भुकेलं हृदय ओरडतं. त्याला अंजायना म्हणतात. ओरडणं ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर तो भाग मरतो. मग त्याला अॅटॅक म्हणतात.

"रफीकभाई, थांबा!" मी दार उघडलं, बॅग घेतली आणि पार्कातून आडवी धावले. पांढरी साडी, पांढरे बूट, हातात बॅग. झोक्यावरची पोरं हसली. हसू देत.

साहेबांच्या बाजूला पोचले. तिवारीजी सायकलवर होते, फोटोग्राफर स्कूटरवर उलटा बसला होता.

"सर, थांबा जरा," मी म्हटलं.

"सिस्टर!" साहेब हसले. ते हसू फोटोग्राफरसाठी होतं. "आप भी दौड़ रही हैं? बहुत अच्छे."

"सर, छाती में दर्द है?"

"एसिडिटी. सुबह पोहे-जलेबी खा ली थी."

बघ. जीएमसुद्धा अॅसिडिटीच म्हणाले.

मी धावता धावता त्यांचं मनगट धरलं. माणूस पळतो तेव्हा हात गरम असतो. यांचा हात थंड आणि ओला. त्या हिवाळ्याच्या उन्हात बाकी सगळ्यांचा घाम वाहत होता, यांचा घाम बसला होता, मडक्यावर पाणी बसतं तसा. आणि नाडी मध्येच एखादा ठोका सोडत होती.

"सर, थांबायलाच पाहिजे. आत्ता."

साहेबांनी मागे वळून बघितलं. मग हळू आवाजात, जो आवाज मी तोपर्यंत त्यांचा कधी ऐकला नव्हता, त्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, पीछे पूरा कारखाना है. मैंने ही कहा था कि सचमुच दौड़ेंगे. कैसे रुकूँ?"

"सिस्टर, आप फोटो में आ रही हैं," तिवारीजी मागून ओरडले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे कुलूप कुठे बसलंय. चार माणसं पुढे गेली असती, तर साहेब हळू झाले असते, गर्दीत मिसळले असते, बाजूला झाले असते. कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण ते सगळ्यांत पुढे एकटे, आणि मागे सगळ्यांचे डोळे त्यांच्या पाठीवर. त्यांना थांबता येत नव्हतं, कारण सगळे बघत होते. आणि त्यांच्या पुढे कोणाला जाता येत नव्हतं, कारण ते बघत होते.

मी एजीएमकडे गेले. मिश्राजी. बारीक माणूस, रोज टेनिस खेळायचे.

"मिश्राजी, पुढे जा. साहेबांची तब्येत बरी नाही. तुम्ही दहा पावलं पुढे गेलात की ते थांबतील."

मिश्राजी जागच्या जागी धावत राहिले, कारण साहेब हळू झाले होते. "मैं? साहब से आगे?"

"हो, तुम्ही."

"सिस्टर, अगले महीने मेरे प्रमोशन का इंटरव्यू है. बोर्ड में कौन बैठेगा, मालूम है?"

"ते बसायला राहिले पाहिजेत ना!"

मिश्राजींनी विचार केला. खरंच केला, मला तोंडावर दिसला. मग म्हणाले, "आप किसी डीजीएम से पूछ लीजिए."

डीजीएम म्हणाले, "पहले एजीएम साहब जाएँ." मॅनेजर म्हणाला, "हमारा तो सवाल ही नहीं उठता." मी मागे मागे जात राहिले आणि प्रत्येक ओळ मला तिच्या वरच्या ओळीकडे पाठवत राहिली. शेवटी सुरेश फिटर दिसला. आमच्या टाउनशिपमध्ये त्याच्यासारखा पळणारा कोणी नव्हता. बिचारा दर वर्षी रेसच्या घोड्याला टांग्याला जुंपावं तसा त्या दौडीत चालायचा.

"सुरेश, तू तरी पळ रे पुढे."

त्याने वर बघितलं, टोप्यांच्या समुद्राकडे. "सिस्टर, आगे साहब लोग हैं."

"मरू घातलेत ते साहब लोग!"

"तो सिस्टर, मेरे आगे जाने से लोग कहेंगे, मेरी वजह से मरे."

आता सांग, त्याचं चुकलं का? नाही चुकलं. म्हणूनच तर जास्त राग येत होता.

तोपर्यंत रफीकभाईंनी पार्काच्या गेटातून मेटॅडोर आत घातली होती, फुलांच्या ताटव्यावरून. सायरन न वाजवता साहेबांच्या बाजूला आणली. तिवारीजी सायकलवरून उतरले, दोन्ही हात हवेत. "हटाइए इसे! हटाइए!"

मी परत पुढे धावले. माझी स्वतःची छाती भरून आली होती, पण तिची काळजी करायला वेळ नव्हता. मी मागचं दार उघडलं. "सर, बसा."

साहेबांनी आतलं स्ट्रेचर बघितलं. ओठ निळसर झाले होते, पण मान हलली ती नाहीच म्हणून. "इसमें? मरीज़ की तरह? स्कूल के बच्चे वहाँ हार लेकर खड़े हैं, सिस्टर." आणि त्यांनी पुढचं पाऊल टाकलं.

त्या क्षणी मला एवढा संताप आला, निखिल, की काय सांगू. एक माणूस आपल्या डोळ्यांसमोर चाललाय, सोबत सगळा कारखाना चाललाय, आणि कोणाला त्याला थांब म्हणायचा अधिकार नाही. मी सिस्टर. माझा ग्रेड कोण विचारतो? या टाउनशिपमध्ये जीएमला थांबवणारं जगात कोण आहे?

आणि मग आठवलं. आहे की.

मी त्यांच्या कानाशी गेले आणि म्हटलं, "सर, दिल्ली से फ़ोन है."

साहेब थांबले.

तिथल्या तिथे, रस्त्याच्या मधोमध, पाय जमिनीत रोवल्यासारखे. मागचा लोंढा एकमेकांवर आदळला.

"दिल्ली से? इतवार को?"

"हेड ऑफिस से, सर. हॉस्पिटल के फोन पर लाइन लगी है. होल्ड पर हैं. वही सबसे पास का फोन है."

"कौन बोल रहे हैं?"

"नाम नहीं बताया, सर. आवाज़ बहुत बड़े आदमी की थी."

तेव्हा खिशात फोन नव्हते, म्हणून चाललं. साहेबांनी टोपी काढली, खिशात घातली, केस नीट केले आणि स्वतःच्या पायांनी मेटॅडोरमध्ये चढले. ज्या माणसाला आजार थांबवू शकला नाही, त्याला दिल्लीने एका वाक्यात थांबवलं. त्यांना मागे आडवं करेपर्यंत रफीकभाईंनी गाडी वळवली होती.

"को खां," रफीकभाई आरशातून बघत त्यांच्या भोपाळी बोलीत हळूच म्हणाले, "फोन हमारे यहाँ कब आया?"

"तुम गाड़ी चलाओ," मी म्हटलं.

हॉस्पिटल जवळच होतं. आत नेल्यावर आधी ब्लडप्रेशर घेतलं, कारण जिभेखाली ठेवायची ती गोळी नळ्या मोकळ्या करते, पण प्रेशर फार उतरलेलं असेल तर तीच गोळी माणसाला पाडते. प्रेशर बरं होतं. गोळी ठेवली. ऑक्सिजन लावला. ईसीजीची यंत्रं तेव्हा मोठी असत; छातीवर जेली लावून रबरी फुगे चिकटवायचे आणि कागदाची पट्टी बाहेर यायची. हृदयाच्या विजेची ती चित्रलिपी. मी डॉक्टर नाही, पण इतकी वर्षं पट्ट्या बघितल्यावर रेघ कुठे सरळ असावी, ते मला कळत होतं. ती नको तिथे वर उचलली होती.

साहेबांचा एक हात माझ्या हातात होता. दुसऱ्या हाताने ते पलंगाच्या कडेला चाचपत होते. "फोन कहाँ है?"

"लेटे रहिए, सर. कनेक्ट हो रहा है."

"खड़े होकर बात करनी चाहिए."

"लाइन आएगी तब खड़े होइएगा."

रफीकभाई मंचावरून डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांच्या कोटाला गुलाबाचं फूल होतं. त्यांनी पट्टी बघितली, फूल काढून टेबलावर ठेवलं आणि कामाला लागले. डॉक्टर चांगले होते. वाईट त्यांची खुर्ची होती. नंतर मला एवढंच म्हणाले, "सिस्टर, हार तक पहुँच जाते, तो वही हार काम आता."

साहेब वाचले. आधी हे सांगून टाकते, कारण तू शेवट बघायला पान उलटतोस, मला माहीत आहे.

आता मागे काय झालं ते ऐक. हे मला आमच्या वॉर्डातल्या देवकीने सांगितलं, ती पाणी वाटायला शेवटच्या ठिकाणी होती; थोडं तिने बघितलं, थोडं फिटरांकडून ऐकलं.

दिल्लीहून फोन आलाय, ही बातमी त्या ओळींमधून मागे गेली. जाता जाता वाढत गेली. मिश्राजींपर्यंत ती "दिल्ली का फोन" होती, डीजीएमपर्यंत "दिल्ली से कोई आ रहा है" झाली, मॅनेजरपर्यंत "इन्क्वायरी" झाली. आणि मग जे घडलं ते देवकी हातवारे करून करून सांगायची. मिश्राजी दौड सोडून ऑफिसच्या रस्त्याला लागले. साहेबांना दिल्ली काहीतरी विचारणार, साहेब आपल्याला विचारणार, आपण जागेवर हवं! त्यांच्या मागे डीजीएम. त्यांच्या मागे मॅनेजर. जे लोक इतका वेळ पावलं मोजत होते ते आता असे पळाले, की बघणाऱ्याला वाटावं खरी दौड आत्ता सुरू झाली. फक्त उलट्या दिशेला.

रस्ता रिकामा झाला. मागे उभे होते फिटर, वेल्डर, क्रेनवाले. पुढे बघायला कोणी नाही. सुरेशने म्हणे डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि टोपी काढून फेकली. मग असा सुटला, की देवकी म्हणते, तिला ग्लाससुद्धा पुढे करता आला नाही.

शेवटच्या ठिकाणी ती शाळेतली छोटी मुलगी हार घेऊन उभी. तिच्या बाईंनी तिला खुणेने शिकवलं होतं की चष्मा घातलेले जाडे काका येतील, त्यांना हार. आणि आला कोण, तर सुरेश, बारीक, बिनचष्म्याचा, धापा टाकत. तिने त्याच्या मागे वाकून बघितलं. काका नाहीत. परत त्याच्याकडे बघितलं. मग तिने ठरवलं असावं की पहिला आला तो काका, आणि टाचा उंच करून हार घातला. सुरेश खाली बसला आणि रडायला लागला. आमच्या दौडीच्या इतिहासात पहिल्यांदा सगळ्यांत जोरात पळणारा माणूस पहिला आला होता.

आणि ऑफिसर? सगळे कॉन्फरन्स रूममध्ये. अर्ध्या चड्ड्या, कपाळावर निळी शाई, समोर उत्पादनाच्या फाइली. दुपार झाली. दिल्ली काय म्हणाली, कोणाला माहीत नाही. दिल्लीला फोन लावून विचारायची हिंमत कोणाची? तासामागून तास बसून राहिले. मंचावरचे समोसे तिथेच मागवले म्हणे. साहेब हॉस्पिटलमध्ये आहेत, हे त्यांना कळलं होतं. पण सगळ्यांना वाटलं, दिल्लीने असं काही सांगितलं की साहेबांना अॅटॅक आला!

संध्याकाळी मिश्राजी हॉस्पिटलच्या मागच्या दाराने आले. "सिस्टर, फोन आपने ही उठाया था ना? टोन कैसा था?"

मी त्यांच्याकडे बघितलं. "टोन घबराहट का था, मिश्राजी. दिल्ली नहीं, मेरा."

त्यांना कळायला वेळ लागला. कळल्यावर ते हसले नाहीत. "तो हम लोग दिन भर..." म्हणाले आणि तसेच निघून गेले.

चार दिवसांनी पर्सोनेल विभागाकडून मला मेमो आला. तिवारीजींची भाषा. हेड ऑफिसच्या नावाने खोटा निरोप कोणत्या अधिकाराने दिला, खुलासा करावा. मी डोक्याला हात लावला. माणूस वाचला त्याचं काही नाही, वाचवायचा अधिकार कुणाचा होता, ते विचारतायत! मी मेमो घेऊन तिवारीजींकडे गेले.

"तिवारीजी, साहेबांना थांबवायला त्यांच्यापेक्षा वरचा आदेश लागत होता की नाही?"

"लगता तो था."

"मग मी तो आणला. प्रोटोकॉल पाळला. खुलासा संपला."

"लिखकर दीजिए."

"नाही देणार."

नाही दिला. माझ्या रिटायरमेंटपर्यंत तो मेमो "विचाराधीन" होता. कदाचित अजूनही कुठेतरी कोणीतरी विचार करतंय.

साहेबांना उठून बसता आलं, तेव्हा एके दिवशी मी त्यांची नाडी बघत होते. नाडी शहाण्यासारखी चालत होती. ते म्हणाले, "सिस्टर, सच बताइए. फोन आया था?"

"नहीं, सर."

त्यांनी छताकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी मोठं बोलणार. जीवनाबद्दल, मरणाबद्दल. मग त्यांनी लांब श्वास सोडला.

"चलो, अच्छा हुआ," ते म्हणाले. "मैं इतने दिन यही सोचकर परेशान था कि दिल्ली को वापस फोन नहीं किया."

घ्या! कपाळावर हात मारायचाच बाकी राहिला. उशी नीट केली आणि बाहेर आले.

पुढच्या वर्षी नियम बदलला. साहेब धावणार नाहीत, फक्त झेंडी दाखवतील. तेव्हा काय झालं असेल, सांग बरं? मिश्राजीही धावले नाहीत, झेंडी दाखवायला उभे राहिले. डीजीएमही. मॅनेजरही. मंचावर एवढ्या झेंड्या, की सुरू कुठल्या झेंडीवर करायचं, ते कळेना. पण रस्ता मोकळा होता. फिटर लोक पळाले. आणि अॅम्ब्युलन्स मंचाशेजारी उभी होती. तिवारीजींनी स्वतः उभी केली होती, फोटोत येईल अशी. विचारलं तर म्हणाले, "साहब लोग तो इस बार यहीं हैं न."

इतकी वर्षं हॉस्पिटलमध्ये काढून मी शिकले ते एवढंच. आजारी माणसाला "थांब" म्हणून थांबवता येत नाही. तो आपल्या छातीचं ऐकत नाही, बायकोचं ऐकत नाही, सिस्टरचं तर नाहीच. त्याला त्याच्या मानाला शोभेल असं कारण हातात द्यावं लागतं, आणि ते कारण देणाऱ्या कुणालातरी पांढऱ्या बुटात धावत यावं लागतं. मी आता धावू शकत नाही, निखिल. गुडघे गेले. शाहपुऱ्याला पहिल्या मजल्यावर राहते, जिना उतरताना कठडा धरते.

म्हणून हे लिहिलं. दौडीला जायचं असेल तर जा, मुलांच्या शाळेसाठी आहे, चांगलं काम आहे. पण आधी ईसीजी काढ. आणि तुझा बॉस तुझ्या पुढे धावत असेल आणि त्याचा हात मुठीने छातीवर गेला, तर त्याच्या पुढे जा. खुशाल जा. प्रमोशन गेलं तर माझ्याकडे ये, मी बघते.

खरं तर त्याआधीच ये. येत्या शनिवारी ये, रविवारच्या आत. भाजणीचं थालीपीठ करते, लोणी आहे. प्रेशरचं यंत्र अजून आहे माझ्याकडे, रबराला चीर गेली आहे पण काम करतं. कामं आहेत, मीटिंग आहे, बॉस सोडत नाहीत, हे सगळं मला ऐकवू नकोस. बॉसला सांग, दिल्लीहून फोन आलाय.